इंद्रायणीच्या दोन काठांवर

इंद्रायणीच्या अलीकडे चऱ्होली बुद्रुक, पलीकडे चऱ्होली खुर्द. १९९७ साली बुद्रुक गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाले. खुर्द मात्र खेड तालुक्यातील ग्रामपंचायत म्हणूनच राहिले. त्या वर्षी बुद्रुककरांनी नेमके काय गमावले, हे आम्ही पाहू.

१९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. तेथे गावचा प्रत्येक मतदार स्वतः सभासद असतो. ७४व्या दुरुस्तीने शहरांना प्रभाग समित्या दिल्या. तेथे बसतात मुख्यत्वे नगरसेवक. विकास आराखड्यावर हरकत घेण्याचा हक्क १९६६च्या नगररचना कायद्याने नागरिकांना दिला आहे खरा, परंतु तो प्रारूप प्रसिद्ध झाल्यानंतर! आधी नकाशावर रेघा आणि मग माणसांना विचारणा, हा क्रम आम्हांस उफराटा वाटतो.

२०२५ साली चऱ्होलीसाठी नगररचना योजना पुढे आली. अशा योजनेत सर्वांच्या जमिनी एकत्र धरून रस्ते व सुविधांपुरता हिस्सा घेतात आणि उरलेल्या जमिनीचे भूखंड पाडून मूळ मालकांना परत देतात. ग्रामस्थांनी कडाडून विरोध केला, तेव्हा कुठे ती रद्द करण्याची घोषणा झाली. वस्तुतः शहरांतही क्षेत्रसभा भराव्यात, अशी तरतूद राज्याने २००९ सालीच केली आहे. बुद्रुकमध्ये तशी सभा भरल्याचे अद्याप आमच्या ऐकिवात नाही.