लॅपटॉपचं वायफाय स्लो चालतंय? आधी हे तपासा

कुरुळी (ता. खेड) : फॉर्मची शेवटची तारीख आणि लॅपटॉपवर पान उघडेना? मोठा प्लॅन घेण्याआधी त्याच वायफायवर, त्याच जागी मोबाईलचा स्पीड बघा. मोबाईलही स्लो असेल तर दोष राउटरचा किंवा लाईनचा. फक्त लॅपटॉपच रखडत असेल तर :

१. खोलीला खोली लागून असलेल्या चाळीत २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी होते. राउटर जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झ निवडा, भिंतीपलीकडे २.४च बरं.

२. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची टिक काढा.

३. ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्याच साइटवरून अपडेट करा.

तरीही अडलंच तर मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. त्याला वायफाय अडॅप्टर लागतच नाही. फॉर्म वेळेत जाईल.