शाळेचा पट आणि बसण्याची जागा

जुन्या शाळांचे पट हें इतिहासाचें साधन होय, हें संग्राहकांस आतां निराळें सांगावयास नको. परंतु पटावर नांव आहे एवढ्यावरून त्या मुलास शाळेंत स्थान होतें असें अनुमान काढणें युक्त नव्हे. प्रस्तुत टिपणाचा विषय हाच आहे.

प्रथम धारवाडचें प्रकरण घेऊं. तेथील सरकारी शाळेंत प्रवेश नाकारलेल्या एका महार मुलानें इ. स. १८५६ च्या जूनमध्यें मुंबई सरकाराकडे अर्ज केला. २१ जुलैच्या निर्णयाचा आशय असा कीं, न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे खरा. तथापि या एकट्यास आंत घेतल्यास शाळा इतर बहुसंख्य लोकांस निरुपयोगी होईल. न्याय कबूल करून तो न देण्याचा असा सरळ कागद विरळाच! पुढें २८ एप्रिल १८५८ च्या पत्रानें कंपनीच्या संचालकांनीं सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचें स्पष्ट केलें.

दार याप्रमाणें उघडलें; आंतील व्यवस्था मात्र शिक्षकाच्या हातीं राहिली. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनास दिलेल्या निवेदनांत यावरच बोट ठेविलें आहे. प्राथमिक शाळांतील बहुतेक शिक्षक ब्राह्मण. ते शेतकरी वर्गांतून घेऊन तयार केल्यास मुलांत मोकळेपणानें मिसळतील व त्यांच्या गरजा जाणतील, असें त्यांचें म्हणणें.

आतां साताऱ्याचा प्रसिद्ध पट पाहा. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं तेथील सरकारी शाळेंत 'भिवा रामजी आंबेडकर' हें नांव दाखल झालें; अनुक्रमांक १९१४. पट इतकेंच सांगतो. त्या मुलास कोपऱ्यांत निराळ्या तरटावर बसावें लागे. झाडणारा नोकर त्यास शिवत नसल्यानें तें तरट रोज संध्याकाळीं घरीं न्यावें व सकाळीं परत आणावें लागे. शिपायानें नळ उघडला नाहीं तर पाणी नाहीं. हें सर्व कळतें तें बाबासाहेबांनीं स्वतः लिहून ठेविलेल्या आठवणींवरून. पुढें मुंबईस शिकत असतां त्यांस संस्कृत शिकण्याची इच्छा होती. शिक्षकानें नाकारल्यामुळें फारसी घ्यावी लागली. आम्हीं उमेदीचीं सारीं वर्षें संस्कृत शिकविण्यांत घालविलीं. ही हकीकत वर्गांत सांगण्याचें धैर्य आम्हांस फार उशिरां झालें.

एका शाळेच्या जुन्या दप्तराची विल्हेवाट चालली असतां आम्ही तेथें हजर होतों. पट जपून बांधले गेले. शेरेबुकें व शिक्षकांच्या नेमणुकांचे कागद रद्दीच्या गोणींत गेले. कोणत्या गांवीं कोण शिकवीत होता, इन्स्पेक्टरास ओसरीवर बसविलेलीं मुलें दिसलीं कीं नाहीं, हें कळावयाचें तें त्याच कागदांत. ज्यांच्या संग्रहीं अशीं दप्तरें असतील त्यांनीं पटाच्या आधीं शेरेबुकें सोडून पाहावीं.