आनंदीबाईंचा इंटरव्ह्यू आणि सालेकसाची माझी बहीण

आजची गोष्ट गोंदिया जिल्ह्यातून सुरू होते आणि पोचते थेट १८८३ सालात.

गेल्या महिन्यात सालेकसाहून माझ्या चुलत बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्ससाठी तिची मुलाखत होती. म्हणाली, "दादा, तू आयटीतला. तुला इंटरव्ह्यूची सवय. माझा सराव घे ना गा."

मी विचारलं, "एखादा कठीण प्रसंग सांग. तेव्हा तू काय केलंस?"

ती सुरू झाली, "मी कष्टाळू आहे, मला टीममध्ये काम करायला आवडतं, सेवाभाव तर माझ्या रक्तातच आहे..."

मी म्हटलं, "अगं, हे तू बोलतेस की यूट्यूब?"

तिचा तरी काय दोष? आपल्याकडे पुण्याच्या एएफएमसीसारखे अपवाद सोडले तर एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या मार्कांवर होतो. समोर बसून स्वतःबद्दल बोलायची वेळच येत नाही. पण हे प्रश्न नवे नाहीत. जॉन फ्लॅनगन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलेली पद्धत यांच्या मुळाशी आहे. माणूस कसा आहे यावर मतं गोळा करू नका, प्रत्यक्ष घडलेला प्रसंग विचारा, एवढंच तिचं सार. आम्ही प्लेसमेंटच्या वेळी शिकलो तेही हेच: परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलं, पुढे काय झालं.

आणि फ्लॅनगनच्या कितीतरी आधी एका मराठी मुलीने अशी उत्तरं दिली होती. आनंदीबाई जोशी.

जन्म १८६५ चा, माहेर कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांतच गेलं. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला, त्यामुळे बदली होत होत दोघं बंगालमध्ये श्रीरामपूरला पोचले. आनंदीबाई डॉक्टर व्हायला अमेरिकेला जाणार हे कळल्यावर लोकांनी प्रश्नांचा भडिमार केला. मग फेब्रुवारी १८८३ मध्ये, श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात, सतरा वर्षांची ही मुलगी इंग्रजीत भाषणाला उभी राहिली. तिने लोकांचेच सहा प्रश्न घेतले. अमेरिकेलाच का? इथे शिकता येत नाही का? एकटी का? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? संकट आलं तर? आणि जे कुठल्याच बाईने केलं नाही ते तूच का करतेस?

इथे शिकण्यातली अडचण सांगताना तिने 'समाज मागासलेला आहे' असं म्हणून सोडून दिलं नाही. मुंबईत पुस्तकं घेऊन शाळेत जाताना लोक खिडक्यांतून कसे टक लावून बघायचे, दुकानदार कशी टिंगल करायचे, ते तिने सांगितलं. वाळीत टाकण्याच्या प्रश्नावर तिचं उत्तर होतं की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार. विशेषणं कमी, प्रसंग आणि निर्णय जास्त.

जूनमध्ये ती अमेरिकेत पोचली आणि फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला तिने अर्ज लिहिला. माझी पात्रता तुमच्या सगळ्या अटींत बसेलच असं नाही, हे तिने आधीच कबूल केलं. देशातल्या बाया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय, हे कारण दिलं. डीन रॅचेल बॉडली यांच्या त्या कॉलेजने तिला प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली.

पण त्याच अर्जात एक वाक्य आहे, तिथे मी दर वेळी अडखळतो. माझी तब्येत चांगली आहे, असं ती लिहिते. श्रीरामपूरला असताना तिला सतत डोकेदुखी, ताप, अशक्तपणा होता. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने ती गेली, तेव्हा बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. मी तिला दोष देत नाही. खरं लिहिलं असतं तर दार उघडलं असतं का, कोण सांगणार? पण दारात उभं राहिलं की माणूस नेमकं काय झाकतो, ते त्या वाक्यात दिसतं.

हे सगळं बहिणीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "दादा, माझ्या गॅपच्या वर्षाचं काय सांगू?"

घरच्यांनी पढवलं होतं, स्पर्धा परीक्षेची तयारी केली म्हणून सांग. खरं म्हणजे त्या वर्षी तिला टीबी झाला होता. (तिची परवानगी घेऊनच सांगतोय.) सहा महिने गोळ्या चालल्या. आशाताई घरी आल्या की आजी दार लोटून घ्यायची, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. एकदा बहिणीनेच ते दार उघडलं आणि सगळ्यांसमोर गोळी घेतली. पुढे शेजारची एक खोकणारी काकू स्वतःहून तिच्याकडे आली, "कुठे तपासतात गा पोरी?" बहीण तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

मी म्हटलं, "बाई, हेच तुझं उत्तर!"

आजार सांगायची सक्ती कुणावरच नसावी, आणि ती नव्हतीच. पण तिने ठरवलं आणि सांगितलं. निकाल अजून यायचाय. ती म्हणते, "सीट नाही मिळाली तरी चालेल दादा, ते दार आता पुन्हा लोटायचं नाही."

तुमच्याकडेही असं एखादं वर्ष असेल. मुलाखतीला जाण्याआधी एकदा ते स्वतःला तरी नीट सांगून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!