लेखकाचं स्वतःचं घर

राजारामपुरीत बसून लिहिलेले माझे जुने लेख एका फुकटच्या संकेतस्थळावर होते. ते बंद पडलं, लेखही गेले. तेव्हा ‘मूकनायक’ आठवला. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी तो सुरू केला, तेव्हा ‘केसरी’नं पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. कोल्हापुरात १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग उभं करणाऱ्या शाहू महाराजांनी मात्र अडीच हजार रुपये दिले. दुसऱ्याच्या ओसरीवर बसणाऱ्याला कधीही उठवलं जातं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता मी स्वतःच्या नावाचं संकेतस्थळ केलंय. मजकूर युनिकोडमध्ये, प्रत्येक लेखाखाली तारीख, वर्षवार यादी आणि सगळ्याची एक प्रत घरी. घर लहान आहे, पण आपलं आहे. फक्त नावाचं वार्षिक शुल्क भरायला विसरू नका.