हेस्तिआयाची शंका

विहीर खणताना आपण पाहतोच, वर माती, मग मुरूम, मग खडक. पण शेतात खोल खणताना समुद्राचे शिंपले लागले तर? तुर्कस्तानात ट्रॉयजवळ असंच झालं.

लाकडी घोड्याच्या गोष्टीतलं हे ट्रॉय. होमर कवीच्या काव्यात शहर आणि समुद्र यांच्यामधल्या मैदानात लढाई होते. आज टेकडीवर उभं राहिलं की समोर सपाट शेतंच दिसतात, समुद्र पाच-सहा किलोमीटर लांब. मग मैदान हेच, असं वाटणारच.

एका बाईला ते पटलं नाही. अलेक्झांड्रियाची हेस्तिआया, होमरच्या काव्यावर ग्रंथ लिहिणारी विदुषी. ती दोन हजार वर्षांहून आधीची. तिचं म्हणणं, हे मैदान तर नद्यांनी मागाहून आणलेल्या गाळाचं आहे, मग लढाई इथे झाली कशी? तिचा ग्रंथ आज नाही. स्ट्रेबो नावाच्या भूगोलकारानं दुसऱ्याच्या पुस्तकातून तिचं म्हणणं उतरवून घेतलं, म्हणून ते उरलं. आम्हाला याची चुटपुट लागून राहते.

१९७७ मध्ये अभ्यासकांनी त्या खोऱ्यात बोअर घेतले. पाण्यासाठी नव्हे, मातीसाठी. जितकं खोल जावं तितका काळ मागे. वर नदीची पुराची माती, तिच्याखाली समुद्राचा गाळ आणि खाऱ्या पाण्यातले शिंपले. शिंपल्यात कार्बन असतो, त्यावरून थराचं वय काढता येतं.

त्यातून चित्र उभं राहिलं. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी जगात बर्फ फार होतं, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली. बर्फ वितळलं तसं पाणी चढलं आणि नदीच्या खोऱ्यात शिरलं. सहा-सात हजार वर्षांपूर्वी खाडी ट्रॉयच्या टेकडीच्याही पुढे, आतपर्यंत गेली होती. पाच हजार वर्षांपूर्वी तिथे पहिली वस्ती झाली ती या खाडीकाठी. पुढे समुद्र चढायचा जवळजवळ थांबला, नद्यांचा गाळ मात्र थांबला नाही. स्कॅमँडर आणि सिमोइस या दोन नद्यांनी खाडी हळूहळू बुजवली.

होमरची लढाई खरी की नुसती कथा, हे बोअरमधून कळत नाही. पण मैदान गाळाचं, हे बाईचं म्हणणं खरं निघालं. तिनं ते नुसतं जमीन पाहून ओळखलं की गावच्या जुन्या माणसांकडून ऐकलं, हे तिच्या ग्रंथात असणार.