एका अक्षराची पंगत

शब्दकोश मी फावल्या वेळी कादंबरीसारखा वाचतो. एका शब्दाचा अर्थ पाहण्यासाठी म्हणून तो उघडावा आणि शेजारपाजारचे शब्द न्याहाळत तासभर बसून राहावे, ही माझी जुनी खोड आहे. शब्दकोशाची पंगत मोठी न्यायाची असते. तेथे पानावर बसण्याची जागा केवळ अक्षरावरून मिळते. कूळ, गोत्र, देश, धर्म यांची चौकशी कोणी करीत नाही.

दिवाळीच्या सुमारास मात्र मी ‘च’ची पाने मुद्दाम उघडतो. कारण उघडच आहे. चकली, चिवडा आणि चिरोटे यांच्यावाचून फराळाचे ताट पुरे होत नाही, आणि तिघांचेही अक्षर एकच. पण त्यांच्या मांडीला मांडी लावून जे इतर खाद्यपेयांचे शब्द त्या पंगतीत बसले आहेत, ते कोठकोठून आले हे पाहू लागले की फराळाचे ताट बाजूला राहते आणि माणूस मेक्सिकोपासून चीनपर्यंत फिरून येतो. वाचकांनाही या फेरीला बरोबर घ्यावे, असा माझा आजचा बेत आहे.

निघण्यापूर्वी या अक्षराची एक मौज सांगितली पाहिजे. मराठीत ‘च’ एकच लिहितात, पण उच्चार दोन आहेत. चकली, चवळी, चव हे शब्द म्हणताना जीभ दातांशी जाते. चहा, चॉकलेट, चपाती म्हणताना ती मागे टाळूकडे सरकते. अस्सल मराठी माणसाचा कान हा भेद चटकन ओळखतो. लेखणी मात्र दोघांनाही एकाच चिन्हाखाली बसवते.

आता घरच्या मंडळींकडे वळू. चकली इतकी आपली की तिच्या जन्माचा दाखला मागण्याचे कोणाच्या मनात येणार नाही. पण तिच्या भाजणीत तांदळाबरोबर हरभऱ्याची डाळ असते, आणि हरभरा म्हणजे संस्कृतातला चणक, आपला चणा. हे धान्य पहिल्याने शेतात आले ते आजच्या तुर्कस्थानच्या आग्नेय भागात, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी. चिवड्यातले पोहे आपले खरे; पण शेंगदाणे दक्षिण अमेरिकेचे, काजू ब्राझीलचा आणि मिरचीही अमेरिकेचीच. पोर्तुगीज या किनाऱ्यावर उतरले ते १४९८ साली. त्यापूर्वी महाराष्ट्राचा तिखटपणा मिरीवर चालत होता. मिरचीला आपण नाव दिले तेही मिरीवरूनच. मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेत तिचे नाव ‘चिल्ली’. म्हणजे मायदेशी तीही ‘च’चीच लेक!

चिंच आणि चवळी या दोघी आफ्रिकेहून आल्या, पण इतक्या पूर्वी की येथे येऊन त्या माहेरवाशिणी झाल्या. चिंचेला संस्कृतात ‘चिञ्चा’ हे नावही मिळाले. अरबांनी ती आपल्याकडून नेली आणि तिला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, म्हटले. इंग्रजी ‘टॅमरिंड’ त्यातूनच निघाले. चवळी गुलामांच्या जहाजांतून अटलांटिक ओलांडून गेली, आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात नववर्षाच्या दिवशी चवळी खाल्ली तर वर्ष सुखाचे जाते असे आजही मानतात. 

डहाणू-घोलवडच्या बागांतला चिकू पाहून तो परका आहे असे सांगितले तर तेथला बागाईतदार हसेल. पण त्याचेही मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलेच. स्पॅनिश लोकांनी तो फिलिपाईन्सला नेला. तेथेही त्याला ‘चिको’च म्हणतात. या झाडाचा चीक मेक्सिकोतले लोक चघळत असत. १८६९ च्या सुमारास मेक्सिकोचा पदच्युत सत्ताधीश सांता आना न्यूयॉर्कला असताना त्याने या चिकाचे रबर होते का ते पाहण्यास टॉमस ॲडम्स नावाच्या माणसास सांगितले. रबर काही झाले नाही. पण त्या खटाटोपातून चघळण्याच्या गोळ्यांचा, म्हणजे च्युइंगमचा, धंदा मात्र उभा राहिला. 

हा झाला गोड भाग. पण या पंगतीत असेही काही जण आहेत, की ज्यांच्यापायी राज्यकर्ते घाबरले आणि धर्मपीठे हादरली. त्यांची गोष्ट सांगावी म्हणूनच मी हा प्रपंच मांडला.

प्रथम चपाती. पुष्कळ मराठी घरांत तिला पोळी म्हणतात, आणि पोळी की चपाती यावरून बोलणाऱ्याचे घर ओळखू येते, ते असो. १८५७ सालच्या आरंभी उत्तर हिंदुस्थानात एक विलक्षण प्रकार घडला. एका गावचा चौकीदार शेजारच्या गावच्या चौकीदाराकडे चपात्या घेऊन जाई. आणखी चपात्या करून पुढच्या गावांना पोचवाव्यात एवढाच निरोप देई आणि परत फिरे. मथुरेचा मॅजिस्ट्रेट मार्क थॉर्नहिल याला आपल्या कचेरीत टेबलावर अशा चार चपात्या दिसल्या. त्याने चौकशी केली; पण आणणाऱ्यालाही त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता. इंग्रजांचे टपाल मागे पडावे अशा वेगाने त्या धावत होत्या. सरकारला त्यात कट दिसला. सर सय्यद अहमद खान यांनी पुढे लिहिले की त्या वेळी पटकीची साथ होती आणि तिला अटकाव करणारा तोडगा म्हणून हे चालले आहे, असे काही लोक समजत. काही महिन्यांत उठाव झाला आणि चपातीच्या माथी कायमचे गूढ बसले. चपातीवर अक्षर लिहिलेले नव्हते, आत काही लपवलेले नव्हते. एका हातातून दुसऱ्या हातात ती गेली, एवढ्यानेच सत्ता अस्वस्थ झाली.

राज्यकर्त्यांना चपातीचे भय वाटले, तसे धर्मगुरूंना चॉकलेटचे. चॉकलेट म्हणजे मुलांच्या खिशातली वडी, हा अर्थ अगदी अलीकडचा. माया आणि ॲझ्टेक लोक कोकोच्या बिया भाजून, वाटून, पाण्यात कालवून पीत. त्यात मिरचीही घालीत, आणि उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून फेस काढीत. आपल्या चहावाल्यांनी पाहिले असते तर जातभाई भेटल्याचा आनंद झाला असता! ॲझ्टेकांच्या बाजारात कोकोच्या बिया नाण्यांसारख्या चालत. स्पॅनिश लोकांनी त्यात साखर घातली आणि ते पेय युरोपला नेले. तेथे लगेच प्रश्न उभा राहिला, की चॉकलेट प्यायले तर उपास मोडतो की नाही? सतराव्या शतकात या विषयावर मोठा वाद झाला आणि कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी ग्रंथ लिहून निर्णय दिला, की पेयाने उपास मोडत नाही. आपल्या वाचकांनी याला हसू नये. बटाटा, साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा आणि मिरची हे चौघेही अमेरिकेहून आलेले, आणि चौघेही आपल्या उपासाला चालतात.

पण मेक्सिकोतल्या चियापास प्रांतात हे प्रकरण वादापुरते राहिले नाही. टॉमस गेज नावाचा एक इंग्रज धर्मोपदेशक तेथे होता. त्याने १६४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात ही हकीकत दिली आहे. तेथल्या श्रीमंत स्त्रिया आपली पोटे नाजूक आहेत असे सांगून चर्चमध्ये उपासना चालू असतानाच दासींकडून गरम चॉकलेटचे पेले मागवीत. या ये-जा करण्याने उपासनेत विक्षेप येई. बिशपने समजावून पाहिले, ते फुकट गेले. तेव्हा चर्चमध्ये खाणाऱ्या-पिणाऱ्याला बहिष्कृत करण्यात येईल, असा हुकूम त्याने दारावर लावला. दासींच्या हातचे पेले काढून घेऊ लागले तेव्हा तलवारी उपसल्या गेल्या. स्त्रियांनी त्या चर्चला जाणेच सोडून मठांचा रस्ता धरला. पुढे बिशप आजारी पडला आणि थोड्याच दिवसांत वारला. चॉकलेटमधून त्याला विष दिले अशी वदंता उठली, आणि चियापासच्या चॉकलेटपासून जपून राहावे अशी म्हणच त्या देशात पडली. चॉकलेटची वडी यानंतर दोन शतकांनी आली. १८२८ साली हॉलंडच्या फान हाउटेनने कोकोतले तूप वेगळे काढण्याची युक्ती शोधली आणि १८४७ साली ब्रिस्टलच्या फ्राय मंडळींनी खाण्याचे चॉकलेट बाजारात आणले.

हे सारे साता समुद्रापलीकडचे झाले. पेल्यावरून बहिष्कार आपल्या पुण्यातही पडला आणि तो पेला होता चहाचा. पण आधी चहा येथवर कसा आला, ते पाहू. चीनमध्ये या पानाला लिहिण्याचे चिन्ह एक आणि उच्चार दोन. फूज्यान प्रांताच्या किनाऱ्यावर ‘ते’ म्हणतात. डच व्यापाऱ्यांनी तो उच्चार उचलला आणि त्यातून ‘टी’ झाले. कँटनकडे ‘चा’ म्हणतात. मकावमध्ये वखार घालून बसलेल्या पोर्तुगीजांनी तो घेतला. खुष्कीच्या मार्गाने गेलेले इराणी, तुर्की आणि रशियन ‘चाय’ही त्याच कुळातले आणि आपला ‘चहा’ही.

पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी १६६२ साली विवाह झाला. तिच्या आंदणात मुंबई बेट इंग्रजांना मिळाले, हे आपण शाळेत शिकतो. इंग्लंडच्या राजदरबारात चहा प्रतिष्ठित करण्याचे श्रेयही तिलाच देतात. म्हणजे एकाच वधूने इंग्रजांना मुंबई दिली आणि चहाची गोडी लावली. पुढे ती गोडी इतकी वाढली की चीनवर भागेना. आसामात सिंगफो लोक चहाची पाने वापरतात हे रॉबर्ट ब्रूसला १८२३ साली कळले. आणि १८३९ च्या जानेवारीत आसामच्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव झाला.

असा हा चहा ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पेल्यांत ओतला गेला. व्याख्यानासाठी शहरातील प्रतिष्ठित मंडळी बोलावली होती. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटे आली. कोणी प्याले, कोणी शिष्टाचारापुरता पेला हाती घेऊन ठेवून दिला. हे सारे घडवून आणणारे होते गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी सर्वांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापवली आणि गावात वणवा पेटला. मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेणारे भ्रष्ट झाले, अशी तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली. चौकशी झाली, प्रायश्चित्ताचा निर्णय झाला. आपण काशीत प्रायश्चित्त घेतले असल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. श्राद्धाला ब्राह्मण मिळेना, लेकीसुनांचे माहेरी येणेजाणे अडले, असे ताप या एका पेल्याने कित्येक घरांना दिले.

आज हे वाचताना हसू येते, आणि ते यावेही. पण हसून झाल्यावर एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पंचहौदच्या मंडळींपुढे पेला आला तरी होता. ज्यांच्यापुढे कोणी पेला ठेवतच नव्हते, त्यांचे काय? ‘च’च्याच पानांवर आणखी एक शब्द आहे, चवदार. महाडच्या तळ्याचे ते नाव. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव पुढल्या वर्षी केला. तरी ते पाणी अस्पृश्यांच्या ओठी लागले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. तळ्यात एकशे आठ घागरी पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. न्यायालयात भांडण दहा वर्षे चालले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूने अखेरचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी.

चियापासच्या स्त्रियांना पेल्याची सवय सुटत नव्हती, पुण्याच्या पुढाऱ्यांना पेल्याचे संकट पडले होते; महाडला प्रश्न साध्या पाण्याचा होता. पहिल्या दोन गोष्टी आपण गमतीने सांगतो. तिसरी सांगताना आवाज आपोआप खाली येतो. गावोगावच्या हॉटेलांबाहेर काही जणांसाठी वेगळी ठेवलेली कपबशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे कारण सांगावे लागू नये.

तुर्कस्थानचा चणा, आफ्रिकेची चिंच, मेक्सिकोचा चिकू, चीनचा चहा, सगळ्यांना आपण घरात घेतले. त्यांचे परकेपण आपल्याला आठवतही नाही, इतके ते घरचे झाले. परका पदार्थ आपण लवकर पचवतो. तो कोणाच्या हातून आला, येथे मात्र घास अडतो. दिवाळीत आपण शेजारीपाजारी फराळाची ताटे पाठवतो, ही फार चांगली रीत आहे. मला इतकेच सुचवावेसे वाटते, की या वर्षी ताट पाठवण्याची यादी करताना, आपल्या घरी कोणाकोणाचे ताट येते याचीही एक यादी करावी. दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचाव्या. एखादे घर पहिल्या यादीत असेल आणि दुसरीत नसेल, तर तिकडे ताट घेऊन जावे, मुलांनाही बरोबर न्यावे, आणि त्यांनी चहा विचारला की ‘आत्ताच घेतला’ असे न म्हणता, खाली बसून तो प्यावा.