उघडे वायफाय आणि २००८चा धडा

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील साखळी बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तमाध्यमांना धमकीचा ईमेल मिळाला. त्याच्या आयपी पत्त्याचा माग नवी मुंबईतील एका घरापर्यंत पोहोचला आणि तेथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाची कसून चौकशी झाली. अखेर त्याच्या असुरक्षित वायफायचा वापर तिऱ्हाइताने केल्याचा निष्कर्ष निघाला.

आयपी पत्ता जोडणीचा असतो, माणसाचा नव्हे. एका राउटरमागील सर्व उपकरणे बाहेरून एकाच पत्त्याने दिसतात. त्यांना वेगळे ओळखतो तो राउटर, प्रत्येकाच्या ४८ बिटांच्या मॅक क्रमांकावरून. ही यादी घरातील उपकरणांशी ताडून पाहिली, की आगंतुक सापडू शकतो. मात्र मॅक क्रमांक बदलता येतो. त्यामुळे यादीइतकेच कुलूपही भक्कम हवे. १९९७च्या मानकातील ‘वेप’ हे कुलूप २००१ मध्येच निकामी ठरले होते. २००४ मध्ये अधिक सुरक्षित ‘डब्ल्यूपीए-२’ आले.

फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सुरक्षित वायफायसंबंधी सूचना काढल्या. रेडिओलहरी घराच्या भिंतींपाशी थांबत नाहीत. संशय मात्र त्याच घरात येऊन थांबतो.